चापाचं वजन कुणी बघायचं?

जत्रेत फुगे फोडायची बंदूक हातात घेतली नाही, अशी आपल्यात एखादीच असेल. फळ्यावर रंगीबेरंगी फुगे, समोर बाकड्यावर दोन-तीन छऱ्याच्या बंदुका आणि पैशांसाठी आईच्या पदराला लोंबकळणारी पोरं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्या बंदुकीचा चाप, म्हणजे ट्रिगर, एका बोटानं ओढवत नाही. मग तो दोन बोटं घालतो, ओठ चावतो आणि ओढता ओढता बंदुकीची नळी फुग्यांवरून सरकून बाजूच्या गर्दीकडे वळते. गाडेवाला सराईत असतो. काही न बोलता तो नळी धरून पुन्हा फळ्याकडे करतो. आपण हसतो आणि पुढे पाळण्याकडे जातो.

आता त्या छऱ्याच्या बंदुकीच्या जागी हरीण मारायची खरी रायफल आहे, असं समजा. मूल तेवढंच. आणि नळी वळवायला गाडेवाला जागेवर असेलच याची खात्री नाही.

ही कल्पना नाही. अमेरिकेत दरवर्षी पानगळ सुरू झाली की शिकारीचा हंगाम येतो आणि हजारो घरांतून वडील, काका, आजोबा (आणि आयासुद्धा!) मुलांना घेऊन रानात जातात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आणली. तिकडे ती परवाना काढून करायची रीतसर गोष्ट आहे. मुलांच्या वयाचा नियम प्रत्येक राज्याचा वेगळा. विस्कॉन्सिन राज्यानं तर 2017 मध्ये, अनुभवी मोठं माणूस हाताच्या अंतरावर असेल तर, किमान वयाची अटच काढून टाकली. मुलांच्या मापाच्या छोट्या रायफली दुकानात मिळतात, गुलाबी रंगाच्यासुद्धा. आणि अशी पहिली रायफल घेताना घरात चर्चा होते ती मुख्यतः एका गोष्टीची : पोराला चाप हलका द्यायचा की जड?

तुम्ही म्हणाल, या उठाठेवीशी आपला काय संबंध? आपल्या पोरांच्या हातात अभ्यासाचं पुस्तक टिकेना, रायफलीचं काय घेऊन बसलात! पण संबंध आहे. तो शेवटी सांगते. आधी हे चाप प्रकरण काय आहे ते समजून घेऊ, कारण ‘ते यंत्राबिंत्राचं आपल्याला काय कळतंय’ म्हणून आपण बायका ज्या गोष्टी सोडून देतो, त्यातलीच ही एक आहे. आणि ती कळायला मुळीच अवघड नाही.

बंदुकीच्या आत एक पिन जोरकस स्प्रिंगनं मागे ताणून धरलेली असते. तिला धरून ठेवते एक छोटी खिट्टी. चाप ओढला की खिट्टी सरकते, पिन सुटते, काडतुसावर आपटते आणि गोळी जाते. उंदराच्या सापळ्यासारखंच म्हणा. ती खिट्टी सरकवायला बोटानं जेवढा जोर लावावा लागतो, त्याला चापाचं वजन म्हणतात. शिकारीच्या साध्या रायफलीत ते दीड ते सव्वादोन किलोच्या आसपास असतं. निव्वळ निशाणेबाजीच्या रायफलीत ते शंभर ग्रॅमच्याही खाली नेलेलं असतं, म्हणजे बोट टेकलं न टेकलं की गोळी सुटलीच.

हलक्या चापानं नेम चांगला लागतो हे खरं आहे. जोर कमी लागला की हात हलत नाही. म्हणून हौशी वडिलांना वाटतं, पोराचा पहिलाच नेम लागावा, चाप हलका करून घेऊ. पण रानात थंडी असते, हातात जाड हातमोजे असतात, बोटाला चापाचा स्पर्शच कळत नाही. समोर जनावर दिसलं की मुलाची छाती धडधडत असते. अशा वेळी शंभर-दोनशे ग्रॅमचा चाप म्हणजे साप उशाशी घेऊन झोपणं.

मग जडच घ्यावा का? तर तिथंही अडचण आहे. जत्रेतलं ते पोरगं आठवा. चाप बोटाला झेपला नाही की मूल हिसका देतं, आणि हिशक्यानं नळी भलतीकडे जाते. म्हणजे मुलाचं बोट बघूनच चाप ठरवावा लागतो. सहज ओढवेल पण चुकून ओढला जाणार नाही, असा. काही चाप दोन टप्प्यांचे असतात. पहिला टप्पा सैल जातो, मग बोटाला अडकल्यासारखं लागतं, आणि तिथून पुढे दाबलं तरच गोळी सुटते. आपल्या गॅसच्या शेगडीचं बटण नाही का, आधी आत दाबायचं आणि मगच फिरवायचं? तसंच. ‘आता पुढे गेलास तर गोळी जाईल’ अशी सूचना तो चाप बोटाला देतो. शिकाऊ मुलासाठी मला तरी हा प्रकार शहाणपणाचा वाटतो. शिवाय काही चापांचं वजन स्क्रू फिरवून कमी-जास्त करता येतं. ते काम जाणत्या कारागिराचं. घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचं नाही. फार हलका केलेला चाप बंदूक नुसती आपटली तरी सुटू शकतो.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. चांगला चाप घ्या, सेफ्टीचा खटका लावून ठेवा, मुलाला नीट शिकवा. पण चापच फसवा निघाला तर?

2000 सालच्या ऑक्टोबरात मोंटाना राज्यात एक कुटुंब शिकारीहून परत आलं. रायफल रिकामी करायची म्हणून आईनं सेफ्टीचा खटका बाजूला सारला. त्या जुन्या रायफलीची रचनाच अशी होती, की खटका सारल्याशिवाय ती उघडून आतलं काडतूस काढताच यायचं नाही. खटका सरला आणि गोळी सुटली. माझं बोट चापावर नव्हतं, असं ती आई सांगत राहिली. गोळी घोडे नेण्याच्या गाडीतून आरपार गेली आणि पलीकडे उभ्या असलेल्या तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला लागली. मूल गेलं.

ती रायफल होती रेमिंग्टन कंपनीची ‘मॉडेल 700’. अमेरिकेतली अत्यंत खपाची, 1962 पासून बाजारात असलेली, लाखो घरांतली. तिचा चाप बनवला होता माईक वॉकर नावाच्या निष्णात अभियंत्यानं, आणि तो चाप नेमबाजांना फार आवडायचा, कारण तो लोण्यासारखा मऊ आणि अचूक होता. त्यात एक सुटी पट्टी होती. तिच्याआड धूळ, गंज किंवा तेलाचा चिकट थर साचला तर ती जागेवर बसत नाही, आणि मग खटका सारताच बोट न लावता गोळी सुटू शकते, असं तक्रारदारांच्या बाजूच्या तज्ज्ञांचं म्हणणं होतं. कोर्टकज्जांतून कंपनीची जुनी कागदपत्रं बाहेर आली. त्यांत दिसलं, की खुद्द वॉकर यांनीच 1948 मध्ये चाप अधिक सुरक्षित करणारा एक बदल सुचवला होता. खर्च? बंदुकीमागे साडेपाच सेंट. तो बदल झाला नाही. उघडण्यासाठी सेफ्टी काढावी लागण्याची सोय, गैरसोयच म्हणा, नव्या बंदुकांतून 1982 मध्ये काढली गेली. आधीच्या मात्र घरोघर तशाच राहिल्या.

कंपनीनं चापात दोष असल्याचं कधी मान्य केलं नाही. 2006 मध्ये नव्या बनावटीचा चाप आला आणि 2014 मध्ये तोही परत मागवावा लागला, कारण जोडणीत चिकटवणारा पदार्थ जास्त पडल्यानं तोही चुकून सुटू शकत होता. त्याच वर्षी जुन्या चापांबद्दलच्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली आणि मालकांना चाप फुकट बदलून द्यायचं ठरलं. त्या मुलाचे वडील मात्र वर्षानुवर्षं कागद गोळा करत, लोकांना सावध करत फिरत राहिले.

मला राहून राहून त्या आईचा विचार येतो. मूल गेल्याचं दुःख तर आहेच. वर ‘हिचंच बोट लागलं असणार’ ही नजर. आपल्याकडे नाही का, पोराला पोळलं की पहिला प्रश्न ‘आई कुठे होती?’ शेगडी डगमगती होती का, भांड्याचा कान निखळला होता का, हे विचारायला कुणी थांबत नाही. यंत्राचा दोष माणसाच्या, आणि त्यातही बाईच्या, निष्काळजीपणावर ढकलायला फार सोपा असतो.

इथे मला आपल्या प्रेशर कुकरचं कौतुक वाटतं. कुकरला शिट्टी आहे. शिट्टीत भाताचं शीत अडकलं तर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. आत वाफ असेपर्यंत झाकण सहजी निघत नाही. म्हणजे कुकर बनवणाऱ्यानं मुळातच धरून चाललेलं आहे, की बाई दमलेली असेल, तिचं लक्ष पोराकडे असेल, ती विसरेल. आणि विसरली तरी जीव जाता कामा नये. माणूस चुकणार हे गृहीत धरून जी वस्तू बनवतात, ती सुरक्षित. ‘नीट वापरलीत तर काही होणार नाही’ असं जिच्याबद्दल सांगावं लागतं, ती नाही. मूल तर चुकणारच. चुकणं हेच त्याचं वय आहे.

आणि गंमत म्हणावी की दैव, अमेरिकेत घरगुती वस्तूंच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणारा जो सरकारी आयोग 1972 च्या कायद्यानं स्थापन झाला, त्याच्या कक्षेतून बंदुका वगळलेल्या आहेत. टेडी बेअरचा डोळा निघून बाळाच्या घशात जाईल का, हे तो आयोग तपासतो. खेळण्यातल्या बंदुकीचं टोक केशरी असलं पाहिजे असाही तिथे नियम आहे. खऱ्या बंदुकीचा चाप सदोष आहे, सगळ्या परत मागवा, असा हुकूम मात्र तो आयोग देऊ शकत नाही.

पण मैत्रिणींनो, चाप उत्तम असला की झालं, असंही म्हणता येत नाही. याची दुसरी बाजू 2013 मध्ये केंटकी राज्यात दिसली. पाच वर्षांच्या मुलाला भेट मिळालेली छोटी रायफल. ‘माझी पहिली रायफल’ अशीच तिची जाहिरात. एका वेळी एकच गोळी बसते, आणि ती उडवण्याआधी मागची मूठ हातानं ओढून ताणावी लागते. म्हणजे मुलासाठी म्हणून बराच विचार करून बनवलेली. ती घराच्या कोपऱ्यात उभी होती. आत काडतूस राहिलंय हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. आई घरात होती, क्षणभर बाहेर ओट्यावर गेली होती. त्या क्षणात पोरानं आपल्या दोन वर्षांच्या बहिणीला गोळी घातली. त्याला काय कळणार, काय झालं ते!

म्हणून माझं मत असं. मुलाच्या हातात देण्याच्या बंदुकीचा चाप चोखंदळपणे निवडावा, सेफ्टी न काढता रिकामी करता येते का ते बघावं, पण विश्वास कशावरच टाकू नये. नेमबाजी शिकवणारे गुरुजी पहिल्या दिवशी जे सांगतात तेच खरं : प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा, नळीचं तोंड कधी माणसाकडे नको, आणि नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. नळी योग्य दिशेला असेल तर फसवा चापही फार तर माती उडवेल. आणि घरात बंदूक कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. शिकारीचा परवाना मागण्याआधी सुरक्षिततेचं शिक्षण सक्तीचं करणारा नियम न्यूयॉर्क राज्यानं 1949 मध्येच आणला होता. नंतर बहुतेक राज्यांनी तो उचलला. पण वर्गात शिकलेलं घरच्या कोपऱ्यात टिकतं की नाही, हे शेवटी घरातल्या माणसांवरच असतं.

आता आपला संबंध. एक म्हणजे, आपल्यातल्या कितीतरी जणींच्या लेकी-सुना, नातवंडं तिकडे आहेत. नातू मित्राकडे खेळायला, रात्री राहायला जातो. तिथे बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना सांगते, की मूल दुसऱ्याकडे पाठवण्याआधी ‘तुमच्या घरी बंदूक आहे का, आणि असेल तर कुलपात आहे का’ असं सरळ विचारा. त्यासाठी मोहीम आहे, 21 जून हा दिवसही ठरवलेला आहे. आपल्या लेकीला ते विचारायचा संकोच वाटतो. वाटूच नये. ‘आमच्या बाळाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे’ हे सांगतो ना आपण? त्याच आवाजात हेही विचारावं.

दुसरं, कोकणातल्या आपल्या वाचक मैत्रिणींना सांगायलाच नको, की रानडुकरं-माकडांपासून शेती राखायला सिंधुदुर्गात, रत्नागिरीत परवान्याच्या बंदुका घरात असतात. ठासणीची बंदूक एकदा भरली की रिकामी करणं कटकटीचं. मग ती भरलेलीच राहते. केप काढून ठेवलीय म्हणजे झालं, असं समजून भिंतीला टेकवू नका. सुट्टीत मुंबईहून आलेल्या भाचरांना ती सिनेमातल्यासारखी वाटते. कुलूप आपल्या हातात ठेवा. ‘पुरुषांची वस्तू आहे’ म्हणून तिकडे कानाडोळा करू नका. मुलं घरभर फिरतात, पुरुषांच्या आणि बायकांच्या वस्तू त्यांना वेगळ्या नसतात.

आणि तिसरं, सगळ्यात आनंदाचं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला रायफलीत जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं ब्राँझ मिळवलं. तेव्हापासून गावोगावची पोरं-पोरी नेमबाजीच्या वर्गाचा हट्ट धरतात. खुशाल पाठवा! आपल्याकडे 21 वर्षांच्या आत बंदुकीचा परवाना मिळत नाही, प्रशिक्षणापुरतीच सवलत आहे, आणि हा खेळ मुळातच शिस्तीचा आहे. स्पर्धेत तर पिस्तुलाच्या चापाला वजन टांगून, पिस्तूल उचलून बघतात. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाला पाचशे ग्रॅम आणि पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला एक किलो. तेवढं वजन उचलताना चाप सुटला, तर पिस्तूल बाद. किराणा दुकानातल्या तराजूसारखं, सगळ्यांसमोर. रायफलीला मात्र असं बंधन नाही, तिथले चाप फारच हलके असतात. म्हणून तर गोळी उडवायची नसेल तेव्हा नळीत रंगीत सुरक्षा-दोरी घालून ठेवायचा नियम आहे, की लांबूनही दिसावं, ही रिकामी आहे.

तेव्हा मुलीला वर्गात घालायला जाल, तेव्हा फी आणि वेळ विचारून परत येऊ नका. शिकाऊ मुलांच्या चापाचं वजन किती ठेवता, ते कोण तपासतं, सुरक्षा-दोरी रोज घालता का, एका शिक्षकामागे किती मुलं असतात, बंदुका आणि छरे-काडतुसं रात्री कुठे असतात, हे विचारा. आणि दहा मिनिटं तिथे उभं राहून बघा, एखाद्या पोरानं नळी वळवली तर कुणी तिथल्या तिथे टोकतं का. चांगला शिक्षक या प्रश्नांना वैतागणार नाही. ‘ताई, तुम्हाला यातलं काय कळतंय’ असं जो म्हणेल, त्याच्याकडे मुलीला ठेवायचं की नाही, हे तुमचं तुम्हीच ठरवा.